चिलटांना नावे देणारा मास्तर

दिवाळी उलटून थंडी पडू लागली की सोलापुरात आमच्या व्हरांड्यात रोज संध्याकाळी एक जत्रा भरते. सिद्धेश्वर तलाव घरापासून फार लांब नाही. दिवेलागणीला ट्यूबलाइट लावली की दहा मिनिटांत मागची पांढरी भिंत बारीक किड्यांनी भरून जाते. काही हिरवट, काही करडे, लांब पायांचे, नाजूक पंखांचे. सकाळी केर काढताना ट्यूबखाली त्यांचा मूठभर ढीग सापडतो. आम्ही लहानपणापासून त्यांना चिलटे म्हणत आलो आणि कधी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

मागच्या हिवाळ्यात मात्र पाहावे लागले. आदल्या पावसाळ्यात माझ्या आठ वर्षांच्या नातीला डेंग्यू झाला होता. पाच दिवस रुग्णालयात काढले. रोज सकाळी रक्ताचा अहवाल येईपर्यंत घरातल्या कोणाच्या घशाखाली चहा उतरत नव्हता. ती बरी होऊन घरी आली, पण घराने धास्ती घेतली ती घेतलीच. त्यामुळे थंडीत भिंत अशी भरलेली दिसताच सूनबाईंनी खिडक्या लावून घेतल्या, डासांची अगरबत्ती पेटवली आणि नातीला आतल्या खोलीत बसवले. मी म्हटले, हे डास नव्हेत, हे चावत नाहीत. त्यावर नातीनेच आतून विचारले, की कशावरून?

महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी उभी हयात गेली. मी कपाटातून जुने भिंग काढले आणि तिला भिंतीपाशी घेऊन आलो. पहिली गोष्ट म्हणजे तोंड. डासाच्या डोक्यापुढे सुईसारखी लांब सोंड असते. या किड्याला ती नाही. किंबहुना पंख फुटल्यावर हा बहुधा काही खातच नाही आणि थोड्याच दिवसांत मरतो. दुसरी गोष्ट बसण्याची ऐट. डास भिंतीवर बसला की बहुधा मागचे पाय वर उचलतो. हा मात्र पुढचे दोन पाय उचलून हवेत धरतो आणि मधूनच हलवतो. तिसरी गोष्ट पंख. डासाच्या पंखांच्या शिरांवर बारीक खवले असतात, याचे पंख तसे नसतात आणि पुष्कळदा पोटापेक्षा आखूड असतात. नराच्या मिशा पिसांच्या तुऱ्यासारख्या असतात, पण तेवढ्यावर जाऊ नये. डासाच्या नरालाही झुपकेदार मिशा असतात.

नातीने एकेक खूण पडताळून पाहिली आणि मग दुसरा प्रश्न केला. हे सगळे पहिल्यांदा कोणी बघितले? या प्रश्नाला मी तिथल्या तिथे नीट उत्तर देऊ शकलो नाही, याची मला लाज वाटली. कारण त्या माणसाचे नाव मी तीसेक वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. प्राण्याचे शास्त्रीय नाव लिहिले की त्याच्या शेवटी, ते नाव ज्याने दिले त्याचे आडनाव आणि साल लिहायचा प्रघात आहे. हिवतापाच्या डासांची प्रजाती अ‍ॅनॉफिलिस, मायगेन, १८१८. केळ्यावर घोंघावणारी, आनुवंशिकतेच्या प्रयोगांत जगप्रसिद्ध झालेली ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर, मायगेन, १८३०. आणि आमच्या भिंतीवरची ही मंडळी ज्या कुळातली, त्या कुळाला जिच्यावरून नाव पडले ती प्रजाती कायरोनोमस, मायगेन, १८०३. तिन्ही ठिकाणी एकच आडनाव. पदवीच्या शेपटासारखे ते मी लिहीत गेलो आणि विद्यार्थी उतरवून घेत गेले. मायगेन कोण, हे ना त्यांनी विचारले, ना मी सांगितले.

नातीच्या प्रश्नाने मला ते ऋण फेडायला लावले. म्हणून आज या माणसाची गोष्ट.

झोलिंगेनचा मुलगा

योहान विल्हेल्म मायगेनचा जन्म ३ मे १७६४ रोजी जर्मनीतल्या झोलिंगेन या गावी झाला. तलवारी आणि सुऱ्यांसाठी हे गाव प्रसिद्ध. आपल्याकडे पानिपताला तीन वर्षे होऊन गेली होती आणि थोरले माधवराव पेशवे गादी सावरत होते, तो हा काळ. मायगेनच्या घरी आठ भावंडे, त्यांत हा पाचवा. आईवडिलांचे छोटेसे दुकान होते. घरची एकेकाळची सुबत्ता ओसरलेली. विद्यापीठाचे तोंड पाहणे या मुलाच्या नशिबी नव्हते आणि त्याने ते पाहिलेही नाही.

गावच्या शाळेत लिहिणे-वाचणे झाले. पुढचे शिक्षण त्याने इकडून तिकडून गोळा केले. कोणाकडून थोडे गणित, कोणाकडून वाद्य वाजवणे, कोणाकडून सुवाच्य अक्षर, आणि त्या भागात पोटाला उपयोगी पडणारी फ्रेंच भाषा. शिकवणी करण्याइतके जमताच तो मास्तर झाला आणि शेवटपर्यंत मास्तरच राहिला. आपल्याकडे गावोगावी असे शिक्षक होऊन गेले. शाळेत भूगोल शिकवायचे, संध्याकाळी पेटीवर मुलांचा गळा तयार करून घ्यायचे, गावाच्या पाट्याही रंगवायचे आणि पगार हाती आला की वाण्याची उधारी आधी चुकवायचे. मायगेन त्याच जातकुळीतला.

१७८०च्या दशकात तो आखेन शहरी एका व्यापाऱ्याच्या घरी मुलांना शिकवायला राहिला. तिथे बाउमहाउअर नावाच्या एका हौशी माणसाशी त्याची गाठ पडली. या गृहस्थाला फुलपाखरांचा नाद. मायगेनला झाडाझुडपांची ओळख होती, लिनियसची वर्गीकरणाची रीत त्याने वाचली होती. कीटकांचे हे वेड त्याला तिथेच लागले.

पण त्याने फुलपाखरे निवडली नाहीत. फुलपाखरे सगळेच जमवत होते. भुंगेरेही जमवत होते. ते देखणे, पेटीत शोभणारे. माश्या, डास, चिलटे यांच्याकडे मात्र फारसे कोणी फिरकत नव्हते. बारीक, तपकिरी, घाणीवर बसणारे आणि बोटात धरले की पाय गळून पडणारे हे जीव मायगेनने स्वतःसाठी उचलले. ते रान मोकळे होते, एवढाच त्याचा हिशेब.

पंखांवरच्या रेषा

या निवडीतली अडचण समजून घेण्यासारखी आहे. डास, माश्या, चिलटे, गोमाश्या हे सारे द्विपंखी कीटक. इतर बहुतेक उडणाऱ्या कीटकांना पंखांच्या दोन जोड्या असतात, यांना एकच. मागच्या जोडीच्या जागी दोन इवल्या दांड्या उरतात आणि उडताना तोल सांभाळायचे काम त्या करतात. लिनियसने १७५८ मध्ये या सगळ्यांना मोजक्याच प्रजातींत बसवले होते. आमच्या भिंतीवरच्या चिलटाचे युरोपातले भाईबंद तेव्हा लांब पायांच्या मोठ्या माश्यांबरोबर एकाच कप्प्यात पडून होते. त्यानंतर फॅब्रिशियस या मोठ्या कीटकतज्ज्ञाने तोंडाच्या रचनेवरून कीटकांची विभागणी केली. ती शास्त्रशुद्ध होती, पण चार-पाच मिलिमीटरच्या किड्याचे तोंड फोडून पाहायचे म्हणजे किडा गेला आणि खूणही गेली.

मायगेन आपल्या पेटीतले नमुने घेऊन पुस्तकाशी ताडू लागला तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की पुस्तकाने एका नावाखाली घातलेले किडे प्रत्यक्षात एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. मग त्याने पंखांकडे पाहिले. माशीचा पंख पारदर्शक पडद्यासारखा असतो आणि त्यात शिरांची जाळी असते. कोणती शीर कोठे फुटते, कोणती कडेपर्यंत पोचते, कोणत्या दोन शिरा आडव्या दुव्याने जोडल्या आहेत, ही नक्षी नात्यातल्या किड्यांमध्ये सारखी असते आणि परक्यांमध्ये वेगळी. तळहातावरच्या रेषा पाहून भविष्य सांगणारे पुष्कळ असतात. मायगेनने पंखांवरच्या रेषा पाहून कूळ सांगितले आणि ते खरे निघाले.

त्याने केवळ पंखांवर भिस्त ठेवली नाही. मिशांची पेरे किती, डोळ्यांचा आकार कसा, पाय कसे, बसताना पंख कसे धरतो, अशा अनेक खुणा एकत्र घेऊन तो निर्णय करी. शिकलेल्या पंडितांना एक सूत्र हवे असते. मायगेनला सूत्र नको होते, ओळख हवी होती. गावातला जुना पोस्टमन चेहरा, चाल आणि आवाज या सगळ्यांवरून माणूस ओळखतो, तशी.

१७९६ मध्ये तो आखेनजवळच्या स्टोलबर्ग या पितळेच्या कारखान्यांच्या गावी फ्रेंचचा शिक्षक म्हणून गेला आणि मरेपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षे, तिथेच राहिला. दिवसा शाळा, नंतर शिकवण्या, वाद्याचे धडे, चित्रकलेचे धडे. उरलेला वेळ माश्यांचा. या काळात गावावरचे राज्य बदलले. ऱ्हाईन नदीच्या पश्चिमेचा हा मुलूख फ्रेंचांनी १७९४ मध्ये घेतला आणि नेपोलियन पडल्यावर १८१५ मध्ये तो प्रशियाकडे गेला. सैन्ये येत-जात होती आणि हा मास्तर कुंपणाच्या पाल्यावर जाळे फिरवत होता.

दोन नावांचा घोळ

आता आमच्या भिंतीवरच्या पाहुण्यांकडे येऊ. १८०० मध्ये मायगेनची एक छोटी पुस्तिका पॅरिसमध्ये फ्रेंच भाषेत निघाली. दोन पंखांच्या माश्यांची नवी विभागणी तिच्यात होती. प्रजातींची नावे आणि खुणा दिल्या होत्या, पण कोणत्या प्रजातीत कोणते किडे येतात हे सांगितलेले नव्हते. न चावणाऱ्या चिलटांच्या प्रजातीला त्यात त्याने टेंडिपेस असे नाव दिले होते.

पुस्तिका कोणाच्या फारशी नजरेस आली नाही. तीन वर्षांनी, १८०३ मध्ये, इलिगर नावाच्या विद्वानाने चालवलेल्या कीटकशास्त्राच्या नियतकालिकात मायगेनने आपली विभागणी जर्मनमध्ये पुन्हा मांडली आणि पुष्कळ नावे बदलली. टेंडिपेसच्या जागी कायरोनोमस आले. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ हातांच्या हालचालींनी अभिनय करणारा. पुढचे दोन पाय हवेत धरून बसणाऱ्या किड्याला याहून चपखल नाव सुचणे कठीण. नुसत्या मेलेल्या नमुन्यावरून हे नाव निघाले नसते. त्यासाठी जिवंत किडा भिंतीवर बसलेला पाहावा लागतो आणि पाहणाऱ्याला थोडी नाटकाची आवड असावी लागते.

कायरोनोमस जगभर रूढ झाले. पण १९०८ मध्ये हेंडेल या ऑस्ट्रियन तज्ज्ञाने ती विसरलेली पुस्तिका उजेडात आणली. प्राण्यांच्या नावांच्या बाबतीत नियम असा, की आधी दिलेले नाव खरे. झाले! निम्मे जग टेंडिपेस लिहू लागले, निम्मे कायरोनोमसला चिकटून राहिले. एकाच किड्याचे दोन खातेदार. पन्नास वर्षे हा सातबारा असाच वादात राहिला. अखेर १९६३ मध्ये प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने निवाडा दिला आणि १८०० च्या पुस्तिकेतली नावे बाद ठरवली. कायरोनोमस कायम झाले. दोन्ही पक्षकार एकच, तोही मरून शंभरावर वर्षे झालेला, असा हा खटला.

सात खंड

मायगेनचे खरे काम उतारवयात झाले. कील विद्यापीठातले प्राध्यापक वीडेमान यांच्याशी त्याचा स्नेह जुळला आणि त्यांनी त्याला मोठा ग्रंथ लिहिण्यास प्रवृत्त केले. दोघांनी जणू जगाची वाटणी केली. युरोपातल्या माश्या मायगेनने घेतल्या, युरोपाबाहेरच्या वीडेमान यांनी. १८१८ मध्ये मायगेनच्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला तेव्हा तो ५४ वर्षांचा होता. सातवा निघाला १८३८ मध्ये, ७४व्या वर्षी. वीस वर्षे, सात खंड. चित्रे त्याने स्वतःच काढली. चित्रकलेच्या शिकवण्या करणाऱ्या त्या हाताने पंखाची शीर न् शीर उतरवली.

पहिल्याच खंडात त्याने डासांची फोड केली. लिनियसपासून सगळे डास क्युलेक्स या एकाच नावाखाली होते. मायगेनने सोंडेच्या दोन्ही बाजूंच्या स्पर्शिका पाहिल्या. नर आणि मादी दोघांच्याही स्पर्शिका सोंडेइतक्या लांब असतील तर ते अ‍ॅनॉफिलिस. फक्त नराच्याच लांब असतील तर क्युलेक्स. दोघांच्याही आखूड असतील तर एडिस. पुढच्या अभ्यासकांनी ही व्याख्या सुधारली, पण नावे टिकली. गंमत पाहा. ग्रीकमध्ये अ‍ॅनॉफिलिसचा अर्थ निरुपयोगी आणि एडिसचा अर्थ नकोसा. पहिल्या प्रजातीतले डास हिवताप पसरवतात आणि दुसऱ्या प्रजातीत आज डेंग्यूचा डास गणला जातो, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. मायगेनलाही नव्हते. त्याने केवळ वेगळ्याला वेगळे म्हटले.

या कष्टांचे मोल त्याला काय मिळाले? नाव झाले, युरोपातले तज्ज्ञ नमुने पाठवू लागले, भेटीला येऊ लागले. पैसा आला नाही. संसार चालवण्यासाठी त्याने फुलपाखरांवर आणि वनस्पतींवरही पुस्तके लिहिली, चित्रे रंगवली. म्हातारपणी आयुष्यभर जमवलेला माश्यांचा संग्रह विकावा लागला. तो पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात गेला. त्याची माश्यांची रंगीत चित्रेही तिकडेच गेली. तीनशेहून अधिक पानांची ती चित्रे १९७५-७६ च्या सुमारास, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर १३० वर्षांनी, छापून प्रसिद्ध झाली.

कोणत्याही विद्यापीठात न शिकलेल्या या मास्तरला बॉन विद्यापीठाने १८४५ मध्ये सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्यानंतर काही महिन्यांतच, ११ जुलै १८४५ रोजी, ८१व्या वर्षी तो स्टोलबर्गलाच वारला.

सिकंदराबादची दोन वर्षे

एवढे सगळे करून साध्य काय झाले, असे कोणी विचारील. डासांना तीन नावे देऊन कोणाचा ताप उतरला? याचे उत्तर आमच्या सोलापूरपासून तीनशेएक किलोमीटरवर मिळते. मुंबईहून आमच्या स्टेशनवरून जाणारी गाडी वाडीला पोचते आणि तिथून सिकंदराबादचा फाटा फुटतो. त्या सिकंदराबादला १८९५ मध्ये रोनाल्ड रॉस नावाचा लष्करी डॉक्टर आला. डास हिवताप पसरवतात असा त्याला संशय होता आणि ते सिद्ध करायचे होते. तो डासांना रुग्णांचे रक्त पाजी आणि मग त्यांची पोटे सूक्ष्मदर्शकाखाली फाडून पाही. मधल्या काळात बदली झाली, कॉलऱ्याचे काम गळ्यात पडले, तरी त्याने शोध सोडला नाही. डासामागून डास फाडले, पण काही सापडेना.

कारण साधे होते. तो भलतेच डास फाडत होता. रॉस जिद्दीचा होता, हुशार होता, पण डासांच्या जाती त्याला ओळखता येत नव्हत्या आणि भारतातल्या डासांविषयी धड पुस्तक त्याच्या हाती नव्हते. त्याने आपल्यापुरती नावे पाडली होती, राखाडी डास, पट्टेरी डास. ते क्युलेक्स आणि एडिस. माणसाच्या हिवतापाचे जंतू त्यांच्या पोटात वाढतच नाहीत. १८९७ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या हाती ठिपकेदार पंखांचे काही डास लागले. ते त्याने हुसेन खान या रुग्णाला चावू दिले. डासामागे एक आणा असा त्याचा दर होता. २० ऑगस्टला त्यांतल्या एका डासाच्या पोटाच्या अस्तरात त्याला हिवतापाच्या जंतूच्या गोल पेशी दिसल्या. पुढे १९०२ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

ते ठिपकेदार पंखांचे डास अ‍ॅनॉफिलिस होते. युरोपातल्या अ‍ॅनॉफिलिसच्या एका जातीचे मायगेनने १८१८ मध्ये जे वर्णन केले, तिला दिलेल्या लॅटिन नावाचा, मॅक्युलिपेनिसचा, अर्थही ठिपक्यांच्या पंखांचा असाच होतो. म्हणजे रॉसला जी खूण दोन वर्षांनी सापडली, ती ८० वर्षांपूर्वी एका जर्मन मास्तराने छापून ठेवली होती. ते पुस्तक सिकंदराबादच्या लष्करी दवाखान्यात नव्हते, एवढेच. तिकडे इटलीत ग्रासी हा प्राणिशास्त्रज्ञ डासांच्या जाती ओळखत होता. कोणत्या गावात कोणता डास आणि कोठे हिवताप, हे ताडून त्याने १८९८ मध्ये संशयिताची यादी झपाट्याने आखूड केली. ओळख असली की वणवण वाचते.

चावत नाहीत, म्हणून काय?

मला मात्र अधिक जिव्हाळा वाटतो तो कायरोनोमसबद्दल. मायगेनने ओळख करून दिलेल्या या निरुपद्रवी मंडळींच्या आज जगात सात हजारांहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. हिमालयातल्या हिमनदीवर त्यांचे नातलग आहेत, अंटार्क्टिकातही आहेत. ओळख पटवणे आजही सोपे नाही. माद्या तर एकीसारखी दुसरी. तज्ज्ञ नराच्या पोटाचे टोक पाहतात, पाण्यावर तरंगणारी कोशाची कात पाहतात, अळीच्या जबड्याजवळचे दात मोजतात, आता जनुकेही वाचतात. भारतातल्या जातींची आरंभीची मोठी मोजदाद १९१०-११ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या संग्रहावरून झाली. ती करणारा किफेर हा लॉरेनमधल्या बिच या गावचा धर्मगुरू आणि शिक्षक. पुन्हा एक मास्तर! अलीकडच्या काळात या कामाची धुरा बर्दवान विद्यापीठातल्या अभ्यासकांनी वाहिली.

यांच्या अळ्या तळ्याच्या गाळात राहतात. त्यांतल्या काही रक्तासारख्या लाल असतात, कारण त्यांच्या अंगात खरोखरच आपल्या रक्तातल्यासारखे हिमोग्लोबिन असते. गाळात प्राणवायू कमी, म्हणून ही तरतूद. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकासाठी आमचा प्रयोगशाळेतला सहायक नाल्यातून अशा अळ्या बरणीत भरून आणी. अळीचे डोके अलगद ओढून लाळग्रंथी बाहेर काढायच्या, रंग द्यायचा, काचेखाली दाबायचे. मग सूक्ष्मदर्शकात पट्ट्यापट्ट्यांची राक्षसी गुणसूत्रे दिसत. १८८१ मध्ये बाल्बियानीने ती पहिल्यांदा पाहिली ती याच किड्याच्या अळीत. विद्यार्थ्यांच्या तोंडून निघणारा तो आश्चर्याचा उद्गार मी दरवर्षी ऐकत आलो.

तळ्याची प्रकृती कशी आहे हेही या अळ्या सांगतात. स्वच्छ, थंड पाण्यात एका जातीच्या, सांडपाणी मिसळलेल्या गाळात दुसऱ्याच जातीच्या. म्हणून ओळख पटली तर तळ्याचा ताप मोजता येतो. शिवाय त्या पुष्कळांचे अन्न आहेत. हिवाळ्यात उजनीच्या जलाशयावर रोहित पक्षी येतात. त्यांना पाहायला आपण भिगवणला गाड्या करून जातो. हे पक्षी वाकडी चोच उलटी धरून चिखल गाळतात आणि त्यातून जे वेचतात त्यात या चिलटांच्या अळ्याही असतात. आपण व्हरांड्यातून झाडून टाकतो, त्यांच्याच भावंडांवर ते गुलाबी वैभव काही अंशी पोसले जाते.

आपल्या मराठीत केळ्यावरचे ते चिलट, डोळ्यांपुढे नाचणारे ते चिलट आणि दिव्यावरचे तेही चिलटच. एका शब्दात सगळे उरकून टाकायची आपली सवय. जे कामाचे नाही ते एकाच पोत्यात भरायचे. मायगेनने ते पोते सोडले आणि आयुष्यभर एकेक दाणा निवडत बसला. त्यातले कोणते दाणे विषारी आणि कोणते अनमोल, हे त्याच्यानंतरच्या पिढ्यांना कळले. निवडलेले होते, म्हणूनच कळू शकले.

आमच्या घरात एवढाच बदल झाला. थंडीत संध्याकाळी अगरबत्ती लावायच्या आधी नात भिंग घेऊन भिंतीपाशी जाते आणि सोंड शोधते. सोंडवाला एखादा सापडला तर ती आरडाओरडा करते आणि सूनबाई चप्पल घेऊन धावतात. कुंड्यांखालच्या थाळ्यांत पाणी साचले आहे का, हे आता तीच रोज पाहते. बाकीच्यांना ती सुखाने बसू देते. कायरोनोमस हे नाव तिच्या जिभेला फार जड. म्हणून तिने आपले मराठी नाव ठेवले आहे, हातवारे. मास्तर मायगेनच्या ग्रीक शब्दाचा अर्थ मी तिला सांगितला, तो त्यानंतर.